अठ्ठावन्न नामंजूर माश्या

महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतले उबेचे कपाट एका सोमवारी सकाळी बंद पडले आणि तपासनीसांच्या घरातली शांतता पाच आठवड्यांच्या रजेवर गेली.

तपासनीस हे त्यांचे आडनाव नव्हे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात छत्तीस वर्षे काढल्यावर माणसाचे मूळ नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. निवृत्तीनंतर कोणी बाग करतो, कोणी गुडघे सांभाळतो. तपासनीसांनी सहासष्टाव्या वर्षी जीवशास्त्राच्या पदवीचे दुसरे वर्ष गाठले होते. का आणि कसे, हे सांगत बसलो तर माश्या राहून जातील, आणि ही गोष्ट माश्यांची आहे.

वर्गातली मुले त्यांना 'मायक्रोमीटर' म्हणत. त्यालाही कारण होते. पहिल्याच वर्षी कांद्याच्या पेशीचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा तपासनीसांनी ते समोरून, वरून आणि बाजूने असे तिन्हीकडून काढले. मध्यरेषा आखल्या, मापे घातली आणि उजव्या कोपऱ्यात चौकट करून 'काढणार' व 'तपासणार' अशा दोन सह्यांना जागा ठेवली. शिकवणाऱ्या मॅडमनी जर्नल बराच वेळ न्याहाळले. मॅडम वयाने तपासनीसांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या, त्यामुळे त्यांना रागावताना फार विचार करावा लागे.

"काका, पेशीला मध्यरेषा नसते."

"मग दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे कळणार कसं?"

"त्या सारख्या नसतातच."

निसर्गाने असे काम खपवून घ्यावे, याचे तपासनीसांना पुढे दोन दिवस वाईट वाटत राहिले.

तर ते कपाट. प्रयोगासाठी वाढवायच्या माश्यांना ठरावीक ऊब लागते आणि ती देणे एवढेच त्या कपाटाचे काम. तपासनीसांनी ते नुसते कानाने ऐकून निदान केले की आतला एक स्विच चिकटला आहे. पेचकस द्या, दहा मिनिटांचे काम. पण विद्यार्थ्याने उपकरणाला हात लावायचा नाही असा नियम होता. दुरुस्तीच्या अर्जावर कपाटाचा क्रमांक हवा होता, क्रमांकाची पट्टी कपाटाच्या पाठीमागे होती, आणि कपाट भिंतीपासून हलवायला दुसरा अर्ज लागत होता, ज्यावर कपाटाचा क्रमांक लिहावा लागे. तपासनीस हा नियम वाचून हात मागे बांधून उभे राहिले. हातांना एवढा अपमान पूर्वी कधी सोसावा लागला नव्हता.

शेवटी मॅडमनी ठरवले की प्रत्येकाने आपापल्या माश्या घरी वाढवायच्या. पाचव्या आठवड्याच्या शनिवारी जर्नल द्यायचे. त्यावर मॅडमची सही झाली तर प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीत नाव, नाहीतर वर्ष पुन्हा. विशीतल्या मुलांना 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येते. सहासष्टाव्या वर्षी हे शब्द जरा जपून वापरावे लागतात. तपासनीसांना तर ते उच्चारायचेच नव्हते.

दुर्दैव असे की मॅडम प्रयोग समजावून सांगत होत्या तेव्हा तपासनीस तिथे नव्हतेच. महाविद्यालयाची चीजवस्तू बाहेर न्यायला फाटकावर पास लागतो हे फक्त त्यांनीच नियमावलीत वाचले होते, त्यामुळे ते एकटेच पासाच्या खिडकीशी उभे होते. बाकीची मुले खिशातून माश्या घेऊन गेलीसुद्धा. तपासनीसांच्या पासावर मात्र रीतसर नोंद झाली: 'माश्या, जिवंत, नग सहा, परत येणार.' त्यांच्या हाती आली ती एक बाटली आणि एक चिठ्ठी. 'या सहा माश्यांची पुढची पिढी वाढवा. प्रत्येक माशी भिंगाखाली पाहा आणि मोजा. दीडशेपेक्षा कमी नकोत. काय आढळले ते लिहा.'

तपासनीसांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पाहा, मोजा, आढळले ते लिहा. हे तर त्यांचे जन्माचे काम!

घरी पत्नींनी दार उघडले आणि बाटलीकडे बोट दाखवले.

"हे काय?"

"फळमाश्या. तीन नर, तीन माद्या."

"म्हणजे चिलटं? अहो, चाळीस वर्षं मी या घरातून चिलटं हाकलतेय. आणि तुम्ही पास काढून आणलीत?"

"हा अभ्यासक्रमाचा भाग आहे."

"तो तुमचा. माझ्या अभ्यासक्रमात फडकं आहे."

तरीही मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून माश्यांची लापशी त्यांनीच करून दिली, कारण तपासनीसांनी स्वतः केली तेव्हा ती पातेल्यासकट टाकावी लागली होती. तपासनीसांनी त्या सहाही माश्या फ्रिजमध्ये दहा मिनिटे ठेवून गुंगवल्या, पांढऱ्या बशीत ओतल्या आणि भिंगाखाली पाहिल्या. सहाच्या सहा निर्दोष. पंख लांब, पारदर्शक, कडा साफ. कच्चा माल उत्तम आहे, अशी त्यांनी नोंद केली आणि मगच उत्पादन सुरू केले. दर सहा दिवसांनी ही सहा मंडळी नव्या बाटलीत हलवायची आणि जुन्या बाटलीतली अंडी वाढू द्यायची, अशा तीन बाटल्या झाल्या.

बाराव्या दिवशी पहिल्या बाटलीतून नवी पिढी बाहेर पडू लागली. तपासणीसाठी तपासनीसांनी कारखान्याच्या पाळ्यांचेच वेळापत्रक लावले: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. पहिल्या पाळीत नऊ माश्या बाहेर आल्या. भिंगाखाली पाहता पाहता तपासनीसांचा चेहरा उतरला. नवांतल्या दोन माश्यांना पंख म्हणावे असे काही नव्हतेच. नुसत्या सुरकुतलेल्या चिंध्या. त्या बिचाऱ्या उडण्याचा आव आणून बशीवर चालत होत्या.

आता आनुवंशिकतेतला वाटाण्यांचा धडा तपासनीसांना तोंडपाठ होता. लांब-आखूड, गोल-सुरकुतलेले, सगळे. पण वाटाणे पुस्तकातले होते आणि हा माल त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर तयार झाला होता. धडधाकट आईबापांच्या पोटी लुळे पंख? याचा एकच अर्थ. चूक उत्पादनात आहे. म्हणजे त्यांच्यात आहे.

त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही माश्या वेगळ्या बाटलीत टाकल्या, बाटलीला लाल चिठ्ठी चिकटवली, 'नामंजूर. निर्णय प्रलंबित', आणि नोंदवहीत तारीख, पाळी व कारण लिहिले. उरलेल्या सातांचे काय? तपासून मंजूर झालेला माल अडवून ठेवणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. गॅलरीत जाऊन त्यांनी तो रवाना केला.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन नामंजूर. दुसऱ्या दिवशी चार. तपासनीसांची भूक गेली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत. अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणे आणि ताप असो की तंटा, त्यांचा सल्ला घेई. साखर परत करायला त्या खाली आल्या, तेव्हा तपासनीस बशीवर वाकून बसले होते.

"काय झालं? चेहरा असा का?"

तपासनीसांनी नाइलाजाने दुखणे सांगितले. सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"आईबाप कसे आहेत?"

"एकदम सुदृढ. मी स्वतः तपासलेत."

"मग आजी-आजोबा बघा. एखादी गोष्ट मुलांत दिसत नाही हो, नातवंडांत येते बाहेर. बाळंतिणींच्या खोलीत तीस वर्षं काढलीत मी. आजोबांचं नाक असं एक पिढी सोडून टपकन येतं की सगळे बघत राहतात."

"सिस्टर," तपासनीस शक्य तितक्या सौजन्याने म्हणाले, "हे शास्त्र आहे. इथं नाकाच्या गप्पा चालत नाहीत. मला वाटतं, तापमान कमी पडतंय."

"पडत असेल," सिस्टर उठल्या. "पण आजोबांची चौकशी करा."

तपासनीसांनी चौकशी केली नाही. त्यांनी खोके आणले, त्यात विजेचा दिवा बसवला आणि दुसरी बाटली त्या उबेत ठेवली. दिव्याचा प्रकाश रात्रभर पत्नींच्या डोळ्यांवर पडू लागला म्हणून खोक्यावर त्यांची शाल आली, शाल तापून करपली म्हणून तिच्याऐवजी तपासनीसांचा एकमेव कोट आला, आणि कोटाला यीस्टचा असा वास लागला की बँकेत त्यांच्या पुढची रांग आपोआप मोकळी होऊ लागली. बाटलीतून शहात्तर माश्या निघाल्या. एकोणीस नामंजूर.

म्हणजे खाणे कमी पडते, असा दुसरा निष्कर्ष निघाला. तिसऱ्या बाटलीच्या लापशीत आणखी तेवढेच यीस्ट पडले. ती इतकी फुगली की कापसाचे बूच उडून छतावरच्या पंख्यात अडकले आणि पंखा सुरू केल्यावर खोलीभर हिंडून आले. पण माश्या झाल्या एकाहत्तर आणि नामंजूर अठरा.

तपासनीसांनी तिन्ही बाटल्यांचा आलेख काढला आणि थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिले. पहिल्या बाटलीत ब्याऐंशीतल्या एकवीस, आणि पुढे काहीही करा, चारांत एक. ऊब द्या, खाऊ घाला, प्रेमाने बोला, चारांत एक. छत्तीस वर्षांत इतका शिस्तबद्ध दोष त्यांनी पाहिला नव्हता.

याच सुमारास इमारतीचे चिटणीस दारात उभे राहिले. त्यांच्या हातात एक केळे होते आणि केळ्याभोवती एक छोटासा ढग.

"तपासनीससाहेब, चारही मजल्यांवर हाच प्रकार आहे. ही चिलटं तुमची, असं लोक म्हणतात."

"आरोप करण्याआधी तपासावं," म्हणत तपासनीसांनी भिंग आणले आणि केळ्यावर धरले. लांब पंख, पारदर्शक, कडा साफ. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान पसरले. "आमचीच. बघा तरी, काय काम आहे! एकात खोट नाही."

"साहेब, लोक चहावर बशी झाकून पितात!"

"झाकून कसा पितील?"

"पितात! एक घोट, एक झाकण!" चिटणीसांचा आवाज जिना उतरून गेला. तासाभरात फलकावर सूचना लागली की कोणत्याही रहिवाशाने कोणत्याही आकाराचे पशुपालन करू नये.

या सगळ्या गोंधळात एक बदल मात्र तपासनीसांच्या लक्षात आला नाही. लाल चिठ्ठीची बाटली टेबलावरून हलून स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली होती, आणि तिच्यात ताजी लापशी पडत होती.

शनिवार आला. जर्नल लिहायला बसल्यावर तपासनीसांचा हात थांबला. चारांत एक नग खराब, हे महाविद्यालयाच्या कागदावर, मॅडमच्या पुढ्यात, स्वतःच्या अक्षरात लिहायचे? कारखान्यात शंभरांत दोन खराब निघाले तरी ते रात्री जेवत नसत. आणि खरे पाहता नामंजूर माल कोणी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. तो घरचा प्रश्न. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले: 'दुसरी पिढी. एकूण मंजूर माश्या एकशे एकाहत्तर. सर्व निर्दोष.'

मॅडमनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"सगळ्या लांब पंखांच्या?"

"सगळ्या."

"काका, हे शक्य नाही. बाटल्या बदलल्या असतील, नाहीतर माश्या बाहेरच्या शिरल्या असतील. प्रयोग फुकट गेला. मला सही करता येणार नाही."

 तपासनीसांनी इकडेतिकडे पाहिले, दार लोटले आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, थोडं रिजेक्शन होतं."

"काय होतं?"

"काही खराब निघाल्या. पंखच नाहीत धड. मी वेगळ्या काढल्या."

"किती?"

"अठ्ठावन्न." त्यांनी मान खाली घातली. "पंचवीस पूर्णांक तीन टक्के. मी तापमान वाढवून पाहिलं, आहार सुधारला, सगळं केलं. माझ्या हातून इतकं वाईट काम कधी झालेलं नाही. लाज वाटते, म्हणून लिहिलं नाही."

 मॅडमनी तोंडावर रुमाल धरला आणि टेबलावर डोके टेकवले. खांदे हलू लागले. तपासनीसांना वाटले, त्या रडताहेत. इतके वाईट झाले आहे का?

"काका," त्या कशाबशा म्हणाल्या, "तोच तर प्रयोग होता! त्या सहा माश्यांचे आईबाप मी जुळवले होते. एक लांब पंखांचा, एक बिनपंखांची. मुलांमध्ये दोष लपतो, नातवंडांमध्ये चारांत एकाला येतो. ते तुम्ही शोधून काढायचं होतं. आणि तुम्ही ते शोधून, मोजून, कचऱ्यात टाकलंत!"

"कचऱ्यात नाही," तपासनीस यंत्रासारखे म्हणाले. "निर्णय प्रलंबित आहे." आणि मग अगदी बारीक आवाजात, "म्हणजे... आजी-आजोबा?"

"आजी-आजोबा."

पण एवढ्यात मॅडमचे हसू ओसरले होते. त्यांनी आकडेमोड केली आणि कपाळाला आठी घातली.

"एकशे एकाहत्तर आणि अठ्ठावन्न. फारच नेमकं आहे हो. काका, राग मानू नका. गेल्या आठवड्यात चार मुलांनी मला असेच देखणे आकडे आणून दिले, घरी पंख्याखाली बसून बनवलेले. त्यांच्या जर्नलवर मी सही केलेली नाही. तुम्ही दहा मिनिटांपूर्वी शून्य म्हणत होता, आता अठ्ठावन्न. मी काय समजायचं?"

खोटे आकडे! छत्तीस वर्षांत साहेबाच्या साहेबाने सांगितले तरी ज्या माणसाने एक आकडा हलवला नव्हता, त्याला! तपासनीस ताठ उभे राहिले.

"माल दाखवतो."

"पाच वाजता यादी कार्यालयात जाते. त्याच्या आत."

चाराला दहा मिनिटे कमी असताना तपासनीस घरात शिरले आणि टेबल, कपाट, फ्रिज सगळे धुंडाळून ओरडले, "ती लाल चिठ्ठीची बाटली टाकलीत का?"

"टाकेन कशी?" पत्नी खिडकीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ही बरी आहेत. उडत नाहीत, अन्नावर बसत नाहीत, बिचारी चालत येतात, चालत जातात. मी खायला घालते त्यांना."

"खायला? का?"

"तुमचा निर्णय लागायचा तेव्हा लागेल. तोवर उपाशी ठेवायची?"

तपासनीसांनी बाटली उजेडात धरली. आत अठ्ठावन्न नव्हत्या. आत जत्रा होती. काचेवर, कापसावर, लापशीवर, तीनशे-चारशे तरी माश्या लगबगीने पायी हिंडत होत्या. त्यांना पोरे झाली होती आणि ती पोरे आईबापांत मिसळली होती. अठ्ठावन्न मोजून दाखवण्याची सोय संपली. तपासनीस खुर्चीवर बसले.

"संपलं. वर्ष गेलं."

"काय संपलं? वाढलीत की!" पत्नींनी पदर खोचला. "उठा. आणि नोंदवही घ्या. मीही येते. या बाटलीबद्दल काही विचारलं तर तुम्हाला काय सांगता येणार आहे?"

फाटकावर पहारेकऱ्याने पास पाहिला, बाटली पाहिली आणि आडवा झाला.

"काका, सहा गेल्या होत्या. या किती?"

"मोजल्या नाहीत," तपासनीस म्हणाले, आणि हे वाक्य आपण आयुष्यात प्रथमच बोललो याची जाणीव होऊन दचकले.

"त्या सहा कुठे आहेत?"

"वारल्या."

"मग या कोण?"

"त्यांची मुलं आणि नातवंडं," पत्नी पुढे होऊन म्हणाल्या. "घरातली माणसं वाढली तर तुम्ही फाटकात अडवता का? पाच वाजत आलेत. काय लिहायचं ते लिहा."

पहारेकऱ्याने डोके खाजवले आणि पासावर लिहिले: 'सहा, वाढीसह परत.'

पाचाला बारा मिनिटे होती. मॅडमनी बाटली घेतली, माश्या गुंगवून थाळीत ओतल्या आणि भिंग लावले. कुंचल्याने माश्या ओळीने सरकवत त्या थाळी तपासू लागल्या. तेवढ्या वेळात तपासनीसांना भिंतीवरच्या घड्याळातल्या चक्रांचे दात मोजता आले असते.

"एकही लांब पंखांची नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "एकसुद्धा नाही. काका, त्या अठ्ठावन्न माश्या बाटलीतून किती वेळात वेगळ्या काढत होता?"

"आठ तासांच्या आत. तीन पाळ्या होत्या."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. पाळी आठच तासांची असते."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "जन्मल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या, म्हणजे लांब पंखांच्या नरांशी यांची गाठच पडली नाही. शुद्ध जात निघाली. हे मी तिसऱ्या वर्षाला करायला सांगते आणि दरवर्षी कोणाला जमत नाही, कारण पहाटे उठायचा कंटाळा. आणि यांना पुढे वाढवायचं कोणाला सुचलं?"

"मला," पत्नी म्हणाल्या. "भूक लागली असेल, असं वाटलं."

मॅडमनी नोंदवही उघडली. अठ्ठावन्न ओळी, प्रत्येकीला तारीख, पाळी, बाटली, कारण. एकतिसाव्या ओळीपुढे 'पंख अपूर्ण, स्वभाव शांत' असेही लिहिलेले होते. इतके कोणी पंख्याखाली बसून बनवत नाही. त्यांनी पेन उघडले, आणि ते कागदाशी जाऊन थांबले.

"एक रकाना रिकामा आहे. 'प्रयोगातील त्रुटी.' तो भरल्याशिवाय सही होत नाही."

चार मिनिटे उरली होती. तपासनीसांनी जर्नल पुढे ओढून 'सर्व निर्दोष' खोडले आणि तिथे 'लुळ्या पंखांच्या अठ्ठावन्न' असे लिहिले. थाळीतल्या माश्या जाग्या होऊ लागल्या होत्या. एकेक जण पाय झाडत उठत होती आणि पंखांची काहीच अडचण नसल्यासारखी चालू लागत होती. तपासनीस त्यांच्याकडे पाहत राहिले. पत्नींनी त्यांना कोपराने ढोसले.

मग त्यांनी ताठ, सुबक अक्षरात लिहिले: 'माश्यांत आढळली नाही. निरीक्षकात आढळली. दुरुस्ती चालू आहे.'

मॅडमनी ते वाचले, मान खाली घालूनच हसल्या आणि खाली सही केली.